टोपणाच्या आतला ठिपका

शनिवार, १६ नोव्हेंबर २०१३
सकाळी गार हवा. दूध अर्धा लिटर जास्त घेतले. थोरलीने अक्रोडाच्या पंचेचाळीस जोड्यांना पहिले आटे पाडून संपवले. मी पंचेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर आकडा आणि तारीख. दुपारी जोड्या फडताळाच्या खालच्या खणात ठेवल्या. धाकटा दुकानातच जेवला. समोरच्या इमारतीला रंग लावण्यासाठी परांची बांधली आहे. गुडघा बरा.

आईच्या रोजनिशीत असल्या नोंदी वर्षानुवर्षे पडून आहेत आणि त्या उघडून बघायची वेळ सहसा कुणावर येत नाही. ही मात्र पुढच्या मार्चमध्ये, अकरा तारखेला, भर दुकानात मोठ्याने वाचावी लागली.

थोरलीचं वय तेव्हा एक्कावन्न. दुकानाच्या मागच्या खोलीत, एका खिडकीसमोर तिचा लेथ होता. लाकडाच्या चौकोनी कांड्या लेथवर कातून ती पेनं करायची. नळी आणि टोपण एकाच कांडीतून काढायची, म्हणजे टोपण बंद केलं की लाकडातली रेघ इथून तिथपर्यंत सलग दिसावी. टोपण फिरवून लावायचं, नुसतं दाबून नाही. त्यासाठी नळीला बाहेरून आणि टोपणाला आतून आटे पाडायला लागतात, आणि त्या घरात सगळं येऊन थांबायचं ते या आट्यांपाशी. लोखंडाला आटे पाडणं सोपं, ते गुमान पाडून घेतं. लाकूड तुटतं, तंतू उचकटतो. लेथ सावकाश सोडायचा, दातेरी हत्यार टोपणाच्या तोंडात टेकवायचं, हाताच्या अंदाजाने आत सरकवायचं आणि तळाला पोचायच्या आत उचलायचं. उचलायला पापणी लवण्याइतका उशीर झाला की टोपण गेलं चुलीत. या हत्याराला घरात कंगवा म्हणत. कुणी पाहुणी आली आणि थोरली आतून ओरडली, "आई, माझा कंगवा कुठंय?" तर पाहुणी तिच्या डोक्याकडे बघायची.

कंगवा बाबांचा. बाबांनी तो आधी धाकट्याच्या हातात दिला होता. धाकटा तेव्हा तेरा वर्षांचा. एका दुपारात त्याने तीन टोपणं फोडली. चौथं फुटलं तेव्हा बाबांनी त्याच्या हातातून कंगवा हिसकावला आणि खिडकीतून मागच्या अंगणात भिरकावला. "जा, दुकानात बस. पुड्या बांध. या खोलीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन." धाकटा गेला तो गेलाच. थोरली अंगणातून कंगवा शोधून घेऊन आली, फडक्याने पुसला आणि बाबांपुढे धरला. ती अठरा वर्षांची होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं, कंगव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दार लाव."

तेहेतीस वर्षं ते दार तसं लागलेलंच होतं. पुढे धाकटा, मागे थोरली. लग्नाचं दोघांचंही राहून गेलं, त्याचं कारण दोघंही एकमेकांना देत. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी धाकटा मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहूनच बोलायचा. निब बसवणं, पॉलिश, डबीत भरणं, विकणं हे त्याचं. बाकीचं तिचं.

अकरा मार्चच्या त्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला शुद्धिपत्र आले. हे एक निवृत्त मुद्रितशोधक. दुकानाची पावती हातात पडली की खिशातलं पेन काढून तिच्यातलं शुद्धलेखन सुधारून परत देत, म्हणून धाकट्याने त्यांना हे नाव ठेवलेलं. बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली. बारीक आट्यांचं टोपण त्यांच्याने फिरेना, म्हणून थोरलीने त्यांच्यासाठी रुंद आट्यांचं पेन काढलं होतं, एका फेऱ्यात उघडणारं. पुढे तीच रीत तिने सगळ्या पेनांना लावली. फेब्रुवारीत त्यांनी भाच्यासाठी एक घ्यायचं म्हणून नवं पेन नेलं होतं आणि आवडलं म्हणून स्वतःच ठेवून घेतलं होतं.

दुकानात धाकटा फोनवर होता. शुद्धिपत्र तसेच मागे आले, उंबऱ्यापाशी चप्पल काढली आणि खिशातून रुमालाची घडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"रागावू नका," ते म्हणाले. "चूक माझीच आहे."

रुमालात पेन होतं. टोपण तोंडापासून अर्ध्यापर्यंत उभं चिरलेलं, वर पकडीच्या दातांच्या खुणा.

"पक्कड लावलीत?"

"काय करू? उघडेचना. दोन दिवस खटपट केली. हातात जोर उरला नाही आता. शेजाऱ्याच्या मुलीला म्हटलं तूच बघ, तर तिच्याने पण होईना. मग मीच आपली अक्कल पाजळली." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, जणू ते लपवण्यासारखे होते. "तुम्ही मुद्दाम माझ्या हातांसाठी ही रीत काढलीत, आणि मी हे असं केलं. म्हटलं, निदान तोंडाने सांगून तरी यावं."

थोरली खिडकीपाशी गेली. टोपण आणि नळी तिने उजेडात धरली. आट्यांच्या कडा चेंगरल्या होत्या. नळीच्या गळ्याला जाडी मोजायचा कॅलिपर लावला, मग नळी पाव फेरा फिरवून पुन्हा लावला. गळा गोल नव्हता. लांबट झाला होता, चांगला दोन केसांनी.

"या खेपेला पेन जरा अंगाने भरलेलं वाटलं," शुद्धिपत्र म्हणाले. "म्हटलं, माझ्यासारखंच वय झालं त्याचं."

तेव्हा तिने टोपणाच्या तोंडात, आतल्या बाजूला बघितलं. तिथे जळका ठिपका होता.

हा ठिपका म्हणजे काय ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक वारलं होतं. लाकूड कापलं की लगेच गप्प बसत नाही. पहिले आटे पाडले त्या दिवशी टोपण असं सुरेख लागतं की कुणीही फसावं. मग आतला ताण सुटायला लागतो, गोल तोंड लांबट होतं. म्हणून नळी आणि टोपण जाडसर ठेवून, एकमेकांपासून सोडवून, फडक्यात गुंडाळून वर्षभर ठेवायची. काय वाकडंतिकडं व्हायचं ते होऊन जाऊ दे. वर्षाने पुन्हा लेथवर घ्यायची, तोंड गोल करायचं, आटे दुसऱ्यांदा पाडायचे, वरून बारीक कातायचं. आणि हे सगळं झालं, तिचं समाधान झालं, की तापलेल्या तारेचं टोक टोपणाच्या आत टेकवायचं. ठिपका म्हणजे तिचा शब्द. तो गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून नव्हताच.

हा ठिपका मात्र मुगाएवढा होता. तिचा मोहरीएवढा असायचा.

तिने फडताळ उघडलं. वरचे दोन खण जसेच्या तसे. खालच्या खणात फडक्यांचा बोळा, आणि एका कोपऱ्यात आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तिने गठ्ठा उचलला. प्रत्येक चिठ्ठीवर, आकड्यावरून, तारखेवरून, निळ्या शाईच्या वेलांट्या आणि आठचे आकडे गिरवलेले होते. निब चालते का ते बघायला कोरा कागद म्हणून वापरल्या होत्या.

फेब्रुवारीत मावशीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थोरली तीन आठवडे तिच्याकडे जाऊन राहिली होती. तीन आठवडे, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्ही इथंच बसा," ती शुद्धिपत्रांना म्हणाली. "तुमच्या हातांना काही झालेलं नाही."

दुकानात धाकटा फोन ठेवत होता. गल्ल्याशेजारी जाड पुठ्ठ्याचे दोन खोके, चिकटपट्टी मारून तयार. एक बाई काचेच्या कपाटातली शाई बघत होती.

"हे काय आहे?" थोरलीने चिरलेलं टोपण काउंटरवर आपटलं.

"ताई, हळू. गिऱ्हाईक आहे."

"असू दे की! तिलाही कळू दे. खालच्या खणातल्या जोड्या तू काढल्यास?"

"काढल्या. मग? तू नव्हतीस. बेचाळीस पेनांची मागणी आली, इतकी मोठी आपल्याला कधी आली नव्हती. बघतो तर आत पंचेचाळीस तयार माल धूळ खात पडलाय."

"तयार? कुणी सांगितलं तयार?"

"मी लावून बघितली ना टोपणं. लागत होती. सात-आठ जरा घट्ट होती, त्यांना साबण चोळला."

"साबण!" थोरलीचा आवाज चिरकला. शाई बघणाऱ्या बाईने बाटली हळूच जागेवर ठेवली आणि ती निघून गेली. "माझ्या आट्यांना साबण चोळलास तू? पायजम्याची नाडी आहे का ती, अडकली तर साबण लावायला?"

"गेलं गिऱ्हाईक," धाकटा म्हणाला.

"आणि ठिपका? ठिपका का दिलास?"

"सगळ्या पेनांना असतो म्हणून दिला! आपल्या घराची खूण आहे ना ती? बिनखुणेचा माल पाठवू का?"

तिने खोक्याची चिकटपट्टी नखांनी ओढून काढली. त्याने खोक्यावर हात ठेवला, तिने तो झटकला. सहा डब्या काढल्या, सहा पेनं काउंटरवर ओळीने मांडली आणि एकेक टोपण फिरवायला लागली. चार उघडली. दोन हलेनात. तिच्या हातांना, ज्यांनी ते आटे पाडले होते त्या हातांना, हलेनात.

"चार उघडली की," धाकटा म्हणाला.

"चार उघडली!" ती दात खाऊन म्हणाली. "आज उघडली. मे महिन्यात बघ."

"मग जे परत येतील ते बदलून देऊ. दुकान आहे ताई, देऊळ नाही. चारला टेम्पो येतोय, मी त्या माणसाला शब्द दिलाय."

"परत येणार नाहीत. कळतंय का तुला? हा माणूस," तिने मागच्या दाराकडे बोट केलं, "तक्रार करायला आलेला नाही, माफी मागायला आलाय! त्याला वाटतंय त्याचे हात मेले. अशी बेचाळीस माणसं घरी बसून आपल्याच हातांना शिव्या देतील, पक्कड लावतील, फोडतील आणि लाजेने गप्प बसतील. आणि आत बघतील तर माझा ठिपका!"

एवढा आरडाओरडा ऐकून आई जिन्यावरून खाली आली. शहात्तर वर्षांची, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात गेल्या वर्षीची रोजनिशी. थोरलीचं पहिलं वाक्य वर ऐकू आलं तेव्हाच तिने ती काढली होती. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून तिने चष्मा लावला आणि नोव्हेंबरचं पान वाचून दाखवलं, दूध आणि गुडघ्यासकट. मग बोटांवर मोजलं.

"आज एकशे पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "तीनशे पासष्ट लागतात."

"का?" धाकट्याने विचारलं.

आईने चष्म्यावरून थोरलीकडे बघितलं.

"नाही, का लागतात? सांगा ना. मी मूर्ख आहे, मला साबण लावायची अक्कल आहे, मान्य. पण या घरात मला कुणी कधी सांगितलं की जोड्या वर्षभर का ठेवतात? मला वाटायचं पुढच्या वर्षीचा साठा करून ठेवतेस. ठिपका म्हणजे काय हे कुणी सांगितलं? बाबांनी दार लावलं, ठीक आहे. ते जाऊन नऊ वर्षं झाली. नंतर कुणी लावून घेतलं?"

थोरलीने चिरलेलं टोपण उचलून मुठीत धरलं. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. आपल्याला जे येतं ते दुसऱ्या कुणाला येत नाही, हे तिला आवडत होतं. बाबा गेल्यावर तिला वाटलं होतं की एकदा बोलवावं याला आत, दाखवावं. मग वाटलं, कशाला? पुड्या बांधतोय ते बरंय. हे आठवून तिचा राग कमी झाला असं मात्र नाही. उलट आता तो दोन्हीकडून पेटला.

"विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"तंगडं मोडून घ्यायला?"

"मला फोन करायचा होतास! मावशीकडे फोन नव्हता का? ताई, हे घेऊ का, एवढं विचारायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो! नाहीच म्हणाले असते!"

"म्हणूनच नाही विचारलं!"

शुद्धिपत्र मागच्या दारात येऊन उभे होते, एका पायात चप्पल, एका पायात नाही. "मी नंतर येतो," ते म्हणाले. आईने त्यांना बसायला सांगितलं. ते बसले. आई सांगायची तेव्हा सगळेच बसत.

थोरलीने गल्ल्यावरचा फोन पुढे ओढला. "त्या माणसाचा नंबर दे."

"नाही देणार."

तिने मागणीची वही स्वतःच उघडली. नंबर पहिल्याच पानावर होता. तेहेतीस वर्षांत तिने एकाही व्यापाऱ्याला फोन केला नव्हता. पलीकडे दुसऱ्या गावातल्या मोठ्या दुकानाचा मालक होता, आवाज गोड.

"पेनांबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "आज माल येणार नाही."

"आपण कोण?"

"पेनं करणारी."

"पण पेनं तर तुमचे भाऊ करतात ना? मला ते स्वतः म्हणाले. आम्ही कपाटावर त्यांचा फोटो लावायचं ठरवलंय, लेथजवळ उभे आहेत तो."

थोरलीने रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला आणि धाकट्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तो फोटो कधी काढला असेल हेही तिला कळलं. ती मावशीला कुशीवर वळवत होती तेव्हा.

"भाऊ विकतात," ती फोनवर म्हणाली. शब्द न् शब्द सुटा. "आटे मी पाडते. ही पेनं कच्ची आहेत, उघडणार नाहीत. पक्की व्हायला वर्ष लागेल. थांबायचं असेल तर थांबा."

पलीकडचा आवाज गोड राहिला नाही. वर्षभर कोण थांबतं, कपाट रिकामं ठेवू का, शब्द देताना विचार करायचा होता, असं बरंच तो बोलला आणि शेवटी म्हणाला, "मग राहू द्या. नकोच."

"बरं," थोरलीने फोन ठेवला.

"बुडवलंस!" धाकटा ओरडला. "तीन वर्षं त्या माणसाच्या मागे लागलो होतो मी! तुला काय, तू आत बसून भुसा उडवतेस. इथं पुढं उभं राहून दात काढावे लागतात माणसांना, तेव्हा एक पेन खपतं!"

"फोटोत पण दात काढलेस ना? माझ्या लेथजवळ?"

"तो म्हणाला, कारागिराचा फोटो पाठवा. काय सांगू? आमचा कारागीर दार उघडत नाही?"

तेवढ्यात टेम्पोवाला आला, चारच्याऐवजी तीनलाच. त्याने फोडलेला खोका बघितला, दोघांचे चेहरे बघितले, कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली. "तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "मी दोन ठिकाणचं उचलून येतो."

"येऊ नका," थोरली म्हणाली. "न्यायला काही नाही."

ती एकेक डबी उघडत गेली आणि धारदार चाकूच्या टोकाने टोपणाच्या आतला ठिपका कोरून काढत गेली. एकतीस ठिपके. अकरा टोपणं निघालीच नाहीत, ती तिने करवतीने कापली आणि चुलीसाठी बाजूला टाकली. कापताना दर वेळी धाकट्याच्या तोंडून काहीतरी बाहेर पडायचं. शुद्धिपत्रांना तिने स्वतःचं रोजचं पेन दिलं. टोपण पाच-सहा वेळा लावून-काढून दाखवायला लावलं आणि मग तोडून म्हणाली, "बघा. हात चांगले आहेत. पुन्हा असलं बोलायचं नाही." त्यांनी मान हलवली आणि बहुधा पहिल्यांदाच पावती न बघता घरी गेले.

"अजून दोन काउंटरवरून गेलीत," ती धाकट्याला म्हणाली. "कुणाला?"

"एक दवाखान्यातल्या बाईला. एक..." तो आठवत राहिला. "एक त्या वकिलाला."

"जा. घेऊन ये."

"काय सांगू त्यांना?"

"खरं सांग. पेन कच्चं होतं आणि ते मी केलेलं नाही, माझ्या बहिणीने केलंय, आणि तिने अजून हो म्हटलेलं नव्हतं."

धाकट्याने चप्पल पायात सरकवली. दाराशी थांबून म्हणाला, "आणि उद्या?"

"उद्या साडेआठला मागे ये. वर्ष कशाला लागतं ते दाखवते."

"मला नाही यायचं आता."

"नको येऊस!"

त्याने दार असं लावलं की काचेच्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या.

आईने नव्या चिठ्ठ्या कापल्या होत्या, एकतीस. पेन उघडून तिने विचारलं, "तारीख कुठली घालू? नोव्हेंबरचीच?"

थोरलीने एक नळी उचलली, त्याने लावलेल्या पॉलिशवरून अंगठा फिरवला. पॉलिशने लाकडाची भोकं बुजली होती. ते सगळं खरवडून काढायला लागणार होतं, आणि लाकूड पुन्हा पहिल्यापासून हलायला लागणार होतं.

"आजची," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन खरवडायला बसली. दार तिने लावलं नाही, पण ते लक्षात राहून की रागात विसरून, हे आईने विचारलं नाही.

त्या संध्याकाळी आईने रोजनिशीत दिवसभराचं लिहिलं आणि खाली शेवटची ओळ लिहिली: तिघांचा भात लावला होता. दोघांचा उरला.